ठिणगीची वेळ : मालमोटारीचे इंजिन, मिस्त्रीचा कान आणि मराठी

मराठीत कामगारजीवनाचा विषय निघाला, की वाचकाच्या मनासमोर प्रथम उभी राहते ती मुंबईची कापडगिरणी. भोंगा, पाळी, चाळ, संप ही सारी सामग्री आपल्या कवितेने आणि कथेने इतकी आत्मसात केली, की 'कामगार' आणि 'गिरणी कामगार' हे शब्द साहित्यापुरते जवळजवळ समानार्थी झाले. नारायण सुर्वे यांचा 'माझे विद्यापीठ' हा संग्रह १९६६ साली प्रसिद्ध झाला. योगायोग असा, की टेल्कोने पुण्याजवळ पिंपरी-चिंचवड परिसरात आपला कारखाना उभारायला घेतला तेही १९६६ हेच वर्ष. पुढच्या अर्धशतकात गिरण्या बंद पडत गेल्या आणि मोटारींचा हा पट्टा पिंपरीपासून आकुर्डी, भोसरी ओलांडून थेट चाकण-तळेगावपर्यंत पसरला. महाराष्ट्राच्या श्रमजीवनाचा मध्यबिंदू सरकला. साहित्याचा मात्र त्या प्रमाणात सरकला नाही.

या पट्ट्याचा इतिहास लिहिलाच गेला नाही, असे आम्ही म्हणणार नाही. उद्योगपतींची चरित्रे उपलब्ध आहेत. कामगार चळवळीच्या नोंदीही आहेत. १९८९ साली टेल्कोच्या कामगारांनी शनिवारवाड्यापुढे केलेले उपोषण पुणेकरांच्या अजून स्मरणात आहे. परंतु मालकाचे चरित्र आणि कामगाराचा संघर्ष या दोहोंच्या मधला एक मोठा प्रांत मोकळाच राहिला. तो म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ज्ञानाचा. रस्त्यात बंद पडलेली मालमोटार पुन्हा चालू कशी करतात? तिचे दुखणे कसे ओळखतात? हे ज्ञान या भागात कोठून आले आणि ते कोणत्या भाषेत साठवले गेले? हे प्रश्न केवळ तंत्रज्ञानाच्या अभ्यासकांचे नव्हेत, भाषा-साहित्याच्या विद्यार्थ्यांचेही आहेत, असे आमचे म्हणणे आहे. ते मांडण्यासाठी आम्ही एकच लहानसा विषय निवडला आहे : जुन्या मालमोटारीच्या इंजिनातील ठिणगी आणि तिची वेळ.

१

यंत्राची थोडी ओळख करून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पेट्रोलच्या इंजिनात दट्ट्या खाली येताना हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढतो, वर जाताना ते दाबतो. मग ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. शेवटी पुन्हा वर जाताना तो जळलेला वायू बाहेर लोटतो. क्रिया चारच आहेत आणि समजायला सोप्या आहेत. खरी मेख आहे ती 'केव्हा' या शब्दात. मिश्रण पेटून त्याचा पूर्ण दाब तयार होण्यास सुमारे दोन मिलिसेकंद लागतात असे धरू. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर एका मिलिसेकंदात त्याचा दांडा १२ अंशांतून फिरतो. म्हणजे दट्ट्या शिखरावर पोचल्यावर ठिणगी टाकली, तर दाब तयार होईतो दट्ट्या बराच खाली गेलेला असणार आणि निम्मी ताकद वाया जाणार. म्हणून ठिणगी शिखर येण्यापूर्वीच टाकावी लागते, आणि वेग जितका जास्त तितकी ती आणखी आधी. तबलजीला समेचे भान सम येण्यापूर्वी असावे लागते, तसेच हे आहे.

सहा सिलिंडरच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांत सहा ठिणग्या पडतात. म्हणजे मिनिटाला २००० फेऱ्यांच्या वेगात सेकंदाला बरोबर १००. त्यांचा क्रम सरळ एक-दोन-तीन असा नसतो. दांड्यावर ताण सारखा पडावा म्हणून तो बहुधा १-५-३-६-२-४ असा ठेवतात. बॅटरीतला कमी दाबाचा प्रवाह कॉइलमध्ये जातो. तांब्याच्या तारेच्या त्या वेटोळ्याचा मार्ग 'पॉइंट' नावाच्या दोन लहान तुकड्यांनी क्षणोक्षणी जोडला आणि तोडला जातो. तुटण्याच्या क्षणी कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा झटका निर्माण होतो, आणि डिस्ट्रिब्युटर तो झटका क्रमाने एकेका प्लगपर्यंत पोचवतो. पॉइंट उघडल्यावर त्यांच्यामधली फट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. सारी मालमोटार या अर्ध्या मिलिमीटरवर चालते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

बॅटरी आणि कॉइल यांची ही व्यवस्था अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास रूढ केली. तिच्याआधी जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला होता. १९०८ मध्ये निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' मोटारीत तर ठिणगीची वेळ चालकानेच सुकाणूखालच्या दांडीने मागेपुढे करायची असे. म्हणजे प्रारंभी 'टायमिंग' हे चालकाच्या हाताचे कौशल्य होते. पुढे ते डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांकडे आणि स्प्रिंगांकडे गेले, आणि त्यांच्या दुरुस्तीच्या निमित्ताने मिस्त्रीच्या हाती आले.

२

आपल्याकडे मोटारींची जुळणी सुरू झाली ती मुंबईत. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर कंपनी १९४४ ची. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो गाड्या बाहेर पडू लागल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्याही मोठ्या संख्येने बाजारात आल्या. यांतल्या बहुतेक पेट्रोलच्या होत्या, आणि दुरुस्तीचे पहिले शिक्षण अनेकांना या पडक्या गाड्यांवरच मिळाले.

महायुद्धाच्या काळातला एक अध्याय इथे नमूद करण्याजोगा आहे. पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा मोटारींच्या मागे कोळशाची शेगडी बसवून तिच्या वायूवर गाड्या चालवल्या गेल्या. आपल्या आधीच्या पिढीच्या आठवणींत ही 'कोळशाची मोटार' अनेकदा भेटते. ती चढावर दमते आणि उतारू खाली उतरतात, इथवर आपण वाचलेले असते. परंतु तिच्या आत एक बदल करावा लागे, तो मात्र या आठवणींत येत नाही. कोळशाचा वायू पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ठिणगी नेहमीपेक्षा आधी टाकावी लागते. तेव्हा शेगडी बसवणाऱ्याने टायमिंगही सरकवणे भाग होते. पुढे पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ होऊ लागली तेव्हा उलटे झाले. असे पेट्रोल दाबाखाली नको तेव्हा पेटते, इंजिनातून ठोके येतात. मग ठिणगी थोडी उशिरा आणावी लागते. अर्थकारणाची, युद्धाची आणि अप्रामाणिकपणाची नोंदही अशा रीतीने डिस्ट्रिब्युटरच्या दोन-चार अंशांत होत असते.

१ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर यांच्यामध्ये राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. एस.टी.च्या मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक दापोडीला आहे, आणि दापोडी म्हणजे आजच्या पिंपरी-चिंचवडचे वेशीवरचे गाव. मुळेच्या पलीकडे खडकीत १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना निघाला. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली, औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. टेल्को आली तेव्हा ही भूमी यंत्राला अगदीच अनोळखी नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

३

आता बंद पडलेल्या पेट्रोल गाडीकडे वळू. सेल्फ मारला, इंजिन फिरते, पण लागत नाही. घोडे कोठे पेंड खाते आहे, हे शोधायचे आहे. अननुभवी माणूस हाताला येईल ते खोलतो. जाणता मिस्त्री एका ठरावीक क्रमाने जातो. प्रथम एका प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडापासून थोडे दूर धरायचे आणि हँडल फिरवायला सांगायचे. निळी, कडक, चट् आवाज करणारी ठिणगी उडाली तर विजेचा भाग शाबूत आहे. दोष पेट्रोलच्या मार्गात किंवा वेळेत शोधायचा. ठिणगी पिवळट आणि मलूल असेल तर मार्गात कोठे तरी गळती आहे. मुळीच नसेल तर एक पायरी मागे जायचे : कॉइलकडून येणाऱ्या मधल्या वायरला ठिणगी आहे काय? असेल तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण तडकलेले, ओल धरलेले किंवा त्याच्या आतला रोटर जळालेला. नसेल तर आणखी मागे : पॉइंट उघडतात का, त्यांची तोंडे काळी पडली आहेत का? पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर गुन्हेगार पॉइंट नव्हेत, त्यांच्याशेजारचा कंडेन्सर होय.

मराठीच्या विद्यार्थ्याला ही पद्धत परकी वाटू नये. पाठचिकित्सा करणारा अभ्यासक हेच करतो. एखादी ओवी बिघडलेली दिसली, की ती कोणत्या पोथीपर्यंत शुद्ध आहे आणि कोणत्या नकलेपासून अशुद्ध झाली, हे तो एकेक पिढी मागे जात तपासतो. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे असलेला प्रश्न, दोष प्रवाहात कोठे शिरला हाच होता. दिसणारा बिघाड आणि बिघाडाचे मूळ एकाच जागी नसतात, हे दोन्ही कामांतले पहिले सूत्र आहे.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे आणि तरी गाडी चालत नाही, किंवा नीट चालत नाही, तेव्हा वेळेचा प्रश्न येतो. ठिणगी फार आधी पडत असेल तर हँडल मारणाऱ्याला इंजिन उलटा फटका देते. मनगट मोडण्यापर्यंत मजल जाते, म्हणून हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हा पहिला धडा. चालत्या गाडीत तोच दोष चढावर ठोक्यांच्या रूपाने ऐकू येतो. ठिणगी उशिरा पडत असेल तर गाडी उचल घेत नाही, इंजिन तापते, सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. सपाट रस्त्यावर झाकून राहिलेला हा दोष खंडाळ्याच्या किंवा कात्रजच्या घाटात भरल्या गाडीला लपवता येत नाही. आणि कोणी डिस्ट्रिब्युटर काढून परत बसवताना अर्धा फेरा चुकला असेल, तर ठिणग्या पडतात सर्व, पण प्रत्येक नेमकी नको त्या टप्प्यावर. मग कार्ब्युरेटरमधून भडका परत येतो.

वेळ बसवण्याची जुनी रीतही पाहण्यासारखी आहे. फ्लायव्हीलवरची किंवा पुलीवरची खूण जुळवायची, पॉइंटच्या फटीत सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद अडकवायचा आणि डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवायचा. कागद ज्या क्षणी सैल होऊन निघून येतो तो पॉइंट उघडण्याचा क्षण; तोच ठिणगीचा क्षण. काही जण कागदाऐवजी लहान दिवा जोडत आणि तो लागण्याचा क्षण पाहत. शेवटची मात्रा मात्र रस्त्यावर, कानाने. शिवाय प्लग हा साक्षीदार असतोच. तो तपकिरी असेल तर सारे ठीक. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढरा पडला असेल तर उष्णता जास्त, बहुधा वेळ पुढे सरकलेली. तेलकट ओला असेल तर रिंगा झिजलेल्या. वैद्याने जीभ पाहावी तसा मिस्त्री प्लग पाहतो.

४

वरच्या परिच्छेदांत आम्ही 'ठिणगी' हा शब्द वापरला; गॅरेजमध्ये तो क्वचितच ऐकू येतो. तिथे 'करंट' येतो किंवा येत नाही. 'ठिणगी' हा शब्द आपण क्रांतीच्या कवितेला देऊन टाकला आहे. दुसऱ्या टोकाला आपल्या परिभाषाकारांनी 'प्रज्वलन' घडवले. मराठी विश्वकोशाच्या १९७६ साली निघालेल्या पहिल्या खंडात 'अंतर्ज्वलन-एंजिन' अशी नोंद आहे. ज्या काळात हे काम झाले त्या काळात मराठीतून यंत्रविद्या मांडण्याचा तो गंभीर प्रयत्न होता आणि त्याची टिंगल करण्याची आमची इच्छा नाही. पण त्याच वर्षांत, विश्वकोशाच्या वाईपासून शंभरेक किलोमीटरवर, भोसरीच्या गॅरेजांत दुसराच कोश तयार होत होता, आणि दोन्ही कोशांची गाठ पडली नाही.

या दुसऱ्या कोशाची घडण कशी आहे? वरवर पाहता त्यातली सारी नामे इंग्रजी आहेत : पॉइंट, कॉइल, प्लग, टायमिंग, पंप, नोझल, टॅपेट. भाषाशुद्धीचा कैवारी येथेच निराश होऊन परत फिरतो. त्याने थोडे थांबून क्रियापदे ऐकली पाहिजेत. पॉइंट 'घासतात', प्लग 'काळा पडतो', टायमिंग 'चढते', 'उतरते' आणि 'सरकते', इंजिन 'उचल घेत नाही', गाडी 'दमते', हँडल 'उलटे मारते', पाइप 'हवा धरतो', पिस्टन 'धरतो' आणि इंजिन 'बसते'. ही क्रियापदे कोठली आहेत? दमतो तो बैल. उचल घेतो तो बैल. चढावर बसतो तोही बैलच. नामे परदेशातून लाकडी खोक्यांतून आली. क्रियापदे मावळातून, खेड-जुन्नरहून, मराठवाड्यातून कामाच्या शोधात आलेल्या माणसांनी बरोबर आणली. नाव परके असले तरी दुखणे ओळखीचे असते, आणि दुखण्यासाठी भाषा उसनी घ्यावी लागत नाही. भाषा जिवंत राहते ती क्रियापदांत, असे आम्हांला यावरून वाटते.

५

पिंपरीचा खरा इतिहास मात्र ठिणगीशिवायच्या इंजिनाचा आहे. टेल्कोने १९५४ साली जमशेदपुरात डाइमलर-बेंझ या जर्मन कंपनीच्या सहकार्याने मालमोटारी काढण्यास प्रारंभ केला. गाडीच्या तोंडावर तीन टोकांचा तारा असे. १९६९ साली करार संपला, तारा गेला आणि 'टी' हे अक्षर आले. सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याचा कारखाना उभा राहिला तो आधी यंत्रे आणि हत्यारे घडवणारा कारखाना म्हणून. पुण्यात बनलेले पहिले व्यापारी वाहन १९७७ साली बाहेर पडले.

या गाड्या डिझेलच्या. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९० च्या दशकात मांडलेल्या तत्त्वानुसार येथे नुसती हवाच इतकी दाबली जाते, की ती तापून लाल कोळशासारखी होते, आणि मग तिच्यात तेलाची पिचकारी मारली की ते आपोआप पेटते. कॉइल नाही, पॉइंट नाहीत, डिस्ट्रिब्युटर नाही. पेट्रोलच्या मिस्त्रीची निम्मी विद्या एका फटक्यात निरुपयोगी झाली, असे कोणालाही वाटेल. तसे झाले नाही. ठिणगी गेली, पण वेळ राहिली. ती डिस्ट्रिब्युटरमधून निघून पंपात जाऊन बसली. तेलाची पिचकारी केव्हा सुटायची, हाच प्रश्न नव्या वेशात पुढे आला. सहा सिलिंडरचा क्रमही तोच राहिला : १-५-३-६-२-४.

दोष शोधण्याची रीतही फक्त रूपांतरित झाली. पेट्रोल गाडीत एकेका प्लगचा करंट तोडून कोणता सिलिंडर काम करत नाही ते पाहत. डिझेलमध्ये एकेका नोझलच्या पाइपाची नट सैल करून कान देतात. नट सैल केल्यावर आवाज बदलला तर तो सिलिंडर कामाचा; काहीच फरक पडला नाही तर तोच आळशी. वेळ बसवण्यासाठी सिगारेटच्या कागदाची जागा थेंबाने घेतली. पंपाच्या पहिल्या निकासाचा आतला व्हॉल्व्ह काढून तिथे वाकडी नळी लावायची, हातपंपाने तेल सोडायचे आणि इंजिन हळूहळू फिरवायचे. धार बारीक होत जाते, थेंब होतात, आणि थेंब थांबतो. तो थांबण्याचा क्षण म्हणजे पिचकारी सुरू होण्याचा क्षण. मौन हेच चिन्ह. मग खूण जुळवून पंप घट्ट करायचा. आणि प्लगच्या साक्षीऐवजी धुराची साक्ष : काळा धूर म्हणजे तेल जास्त, हवा कमी किंवा पिचकारी उशिरा, पांढरा म्हणजे न जळलेले तेल, निळा म्हणजे इंजिनाचे ऑइल जळते आहे. कडक ठोके येत असतील तर पिचकारी फार आधी सुटते आहे.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. डिझेल इंजिनाचा आवाज ओळखणारा कान या भागात केवळ कारखान्यात घडला नाही. विहिरीवर मोटेची जागा इंजिनाने घेतली होती. रात्री शेताच्या दुसऱ्या टोकाला पाणी धरणारा शेतकरी आवाजावरून इंजिनाची हालहवाल ओळखत असे. अशा घरांतली मुले आयटीआयमध्ये गेली, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यांत भरती झाली. नकाशा आणि मायक्रोमीटर त्यांना कारखान्याने दिला. ऐकण्याची सवय त्यांनी बरोबर आणली होती.

त्याच काळात या भागाने मराठीला एक सामान्यनामही दिले. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली जर्मनीच्या 'टेम्पो' कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो सुरू केली; तिचा कारखाना पुढे आकुर्डीला आला. तीन चाकांची ती गाडी लोकांनी कंपनीच्या नावानेच ओळखली, आणि आज कोणत्याही कंपनीचे लहान मालवाहन 'टेम्पो'च असते. हा शब्द मूळ लॅटिनमध्ये 'काळ' या अर्थाचा, इटालियन संगीतात 'लय' या अर्थाचा आणि जर्मनमध्ये 'वेग' या अर्थाचा. काळ, लय, वेग असा प्रवास करून तो मराठीत विटा आणि भाजीपाला वाहू लागला. शब्दव्युत्पत्तीच्या तासाला शिकवण्याजोगे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

६

एवढे लिहिल्यावर एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. मिस्त्रीच्या कानाचे गौरवगान करणे सोपे आहे. पण कान चुकतो. टॅपेटचा आवाज आणि ठोक्याचा आवाज यांत अनुभवी माणसाचीही गफलत होते. कानाने बसवलेली वेळ अनेकदा ताकदीला झुकते माप देते आणि धुराकडे दुर्लक्ष करते. त्या धुराची किंमत नाशिक फाट्यावर आणि मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला राहणाऱ्यांनी फुप्फुसांनी मोजली आहे. शिवाय हे ज्ञान तोंडी होते, म्हणून ते देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होते. वस्ताद पोऱ्याला वर्षानुवर्षे पाने धुवायला लावी आणि टायमिंग बसवताना 'चहा घेऊन ये' म्हणून बाहेर पिटाळी. ही तक्रार या व्यवसायात सार्वत्रिक आहे. बलुतेदारीतली गुप्तता येथे नव्या कपड्यांत आली. स्त्रियांना तर हे दार बंदच होते. १९७४ साली सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी 'स्त्रियांनी अर्ज करू नये' या जाहिरातीतल्या सूचनेबद्दल जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहिले आणि त्यांना टेल्कोत जागा मिळाली, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. पण तो अभियंत्याच्या खुर्चीचा प्रसंग आहे. गॅरेजच्या खड्ड्यात उतरण्याचा नव्हे.

साहित्याने तरी या प्रांतात डोकावले का? आपल्या वाङ्मयात एस.टी. भरपूर आहे. पु. ल. देशपांडे यांची 'म्हैस' ज्याने ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. पण तिथेही गाडी थांबते ती म्हशीमुळे, आणि आपण ऐकतो ते उतारूंचे संवाद. बॉनेट उघडून आत वाकलेला माणूस आपल्या गद्यात पाठमोराच राहिला. त्याची पाठ दिसते, हात दिसत नाहीत.

७

तारा या भूमीत परत आला तो १९९५ मध्ये, पिंपरीला, आलिशान मोटारींवर बसून. २००९ साली तो चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेला. त्याच्याच मागेपुढे चाकणच्या माळावर बजाज, फोक्सवॅगन, महिंद्र अशी नावे उभी राहिली. ज्या चाकणच्या किल्ल्याचा बुरूज १६६० च्या ऑगस्टमध्ये सुरुंगाने उडवावा लागला, त्याच्या आसपास आता स्फोट इतके नियंत्रित होतात, की त्यांची मोजदाद संगणक करतो.

कारण वेळ पुन्हा एकदा स्थलांतरित झाली आहे. प्रदूषणाचे निकष कडक होत गेले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाला. आता पिचकारी केव्हा आणि किती वेळा सुटायची, हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवतो. दांड्याबरोबर फिरणाऱ्या दातेरी चकतीकडे एक संवेदक टक लावून असतो. अनेक इंजिनांत साठ दात्यांच्या जागांपैकी दोन मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या असतात, आणि त्या रिकाम्या जागेवरून यंत्राला आपण कोठे आहोत ते कळते. डिस्ट्रिब्युटर फिरवून वेळ सरकवण्याची सोय उरली नाही. फिरवायला काही उरलेच नाही. गाडी बिघडली की स्कॅनर जोडतात आणि तो एक सांकेतिक आकडा दाखवतो. धूर कमी झाला, तेल वाचले, अंदाजाचे खेळ थांबले. हे सारे हिताचेच आहे आणि त्याबद्दल हळहळ व्यक्त करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

पण आकडा दोषाचे स्थान सांगतो, मूळ नेहमीच सांगत नाही. संवेदक बिघडल्याचा आकडा येतो तेव्हा बिघडलेला असतो तो कधी संवेदक, कधी त्याची उंदराने कुरतडलेली वायर, तर कधी ज्याची खबर तो प्रामाणिकपणे देतो आहे ती झिजलेली साखळी. जो माणूस आकडा पाहून केवळ भाग बदलतो आणि जो एकेक पायरी मागे जातो, त्यांच्यातला फरक पॉइंटच्या काळात होता तसाच आजही आहे. दिसणारा बिघाड आणि त्याचे मूळ एकाच जागी नसतात, हे सूत्र कोणत्याही निकषाने रद्द झालेले नाही.

जे खरोखर जाणार आहे ते दुसरेच आहे. थेंब थांबण्याचा क्षण पाहून पंप बसवणारे, कागद सैल होण्याची वाट पाहणारे, बैलाची क्रियापदे इंजिनाला लावणारे हे लोक आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांची मुले नाशिक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या कारखान्यांत आणि कार्यालयांत आहेत. त्यांच्या तोंडी ती क्रियापदे नाहीत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गाव-गाडा' लिहिला तेव्हा बलुतेदारीला उतरती कळा लागली होती. बलुतेदारांची कामे, त्यांचे हक्क, त्यांचे शब्द आत्र्यांनी वेळेवर टिपले म्हणून आज आपल्याला ते उपलब्ध आहेत. मोटारीच्या पट्ट्याचा 'गाव-गाडा' अजून लिहिला गेलेला नाही.

पुण्यातली विद्यापीठे आणि महाविद्यालये या पट्ट्यापासून तासाभराच्या अंतरावर आहेत. मराठीच्या विभागांत बोलीभाषांचे प्रकल्प होतात, लोकगीते गोळा केली जातात, आणि ते योग्यच आहे. एखाद्या विद्यार्थ्याने वही आणि ध्वनिमुद्रक घेऊन भोसरीच्या एखाद्या जुन्या गॅरेजमध्ये महिनाभर बसावे, नामांपेक्षा क्रियापदे जास्त टिपावीत, आणि शक्य झाल्यास एकदा स्वतःच्या हाताने वेळ बसवून पाहावी, एवढीच आमची सूचना आहे. ती फार आधी आली, असे कोणी म्हणणार नाही. फार उशिरा आली असे होऊ नये.